पोफळीची फायनल

नाझिया घरी आली की तिची बॅग ओटीवरच राहायची. आत नेऊन ती रिकामी करावी असं तिच्या मनातच यायचं नाही. लागेल तेवढं वरवरचं काढायचं, धुवायचं, वाळलं की घडी करून पुन्हा आत टाकायचं. तिची आई आसिया पहिल्या दिवशी काही बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणायची, "ती बॅग आहे की पाहुणा? घरात तरी घे."

सव्विशीतली ही मुलगी शाळा सुटल्यापासून टेनिसवर जगत होती. टेनिस म्हटलं की लोकांना टीव्हीवरचं आठवतं. नाझियाचं टेनिस त्याच्या पुष्कळ खालच्या मजल्यावरचं होतं. आठवड्याची एक स्पर्धा, मग बस नाहीतर विमान, मग दुसऱ्या गावात दुसरी स्पर्धा. बघायला चारदोन माणसं, तीही आपल्या मॅचची वाट बघत बसलेली. चौघींत एक खोली, कपडे बेसिनमध्ये धुवायचे, रॅकेटच्या तारा स्वतः ओढायच्या. हरलं की त्याच संध्याकाळी पुढच्या गावाचं तिकीट शोधायचं. आणि तिथे दर आठवड्याला एकजण सोडून बाकी सगळ्या हरतातच.

यावेळी ती महिनाभर ट्युनिशियात खेळून हर्णेला आली होती. पुढची स्पर्धा तुर्कस्तानात, अंताल्याला होती, पण तिथे तिचं नाव वेटिंगवर होतं. वरच्या मुलींपैकी कुणी माघार घेतली तर हिला क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेऱ्यांमध्ये, जागा मिळणार, नाहीतर नाही. त्यामुळे दिवसभर फोन हातात. ओटीवरून मागीलदारी, मागीलदारावरून बंदरावर. संध्याकाळी लिलावाच्या गर्दीत, ओल्या वाळूवर मासळीचे वाटे पडलेले असताना, ही आपली स्क्रीन खालीवर करत उभी. कोळणी तिला हटकायच्या, "बाय, घ्यायचं नसेल तर बाजूला हो."

त्याच घरात आणखी एक माणूस असाच होता. तिचे वडील करीम मालवाहू जहाजावर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. अख्खी उमर दर्यावर घालवून गेल्या वर्षी ते कायमचे घरी आले, आणि घरी काय करायचं ते त्यांना कळेना. पहाटे उठून अंगणातली दोरी सोडायची, पुन्हा बांधायची. गाठ चांगली बसली नाही म्हणायचं. मग बंदरावर जायचं, तिथून नाक्यावर, नाक्यावरून घरी.

"एक ओटीवर, एक पडवीत," आसिया म्हणाली. "दोघं मिळून माझी लादी झिजवाल. कुठेतरी जा बघू दोघं."

जायचं निमित्त नाझियाच्या मामाने दिलं. हाशिम मामू पोफळीच्या वीजघरात नोकरीला होता आणि तिथल्या कॉलनीतच राहायचा. नाझिया लहानपणी शाळेसाठी त्याच्याकडे असायची. कॉलनीच्या क्लबात लाल मातीचं एक टेनिस कोर्ट होतं, आणि बदलीवर आलेले एक इंजिनियर साहेब संध्याकाळी पोरांना शिकवायचे. तिचा खेळ तिथे सुरू झाला. क्लबची दरवर्षीची स्पर्धा आता जिल्हाभरच्या लोकांना खुली केली होती. मामू फोनवर म्हणाला, "बक्षीस द्यायला तू ये. तुझा फोटो लावलाय क्लबात."

"बक्षीस द्यायला नको," नाझिया म्हणाली. "खेळायला येते."

"बायकांची स्पर्धा नाहीये गं."

"मग पुरुषांच्यात घाल."

मामूने कमिटीला विचारलं. कमिटीने थोडा विचार केला आणि घातलं.

करीम तिच्याबरोबर निघाले. त्यांनी मुलीची मॅच समोर बसून कधी पाहिली नव्हती. ती पोफळीत शिकत होती तेव्हा ते जहाजावर असत, आणि पुढे ते रजेवर येत तेव्हा ती कुठल्यातरी परगावी असे. पाहिलं होतं ते फोनवर, तेही अडकत अडकत. रेंज गेली की पोरगी हात वर करून तशीच थांबलेली.

पोफळीत हवा थंड होती. सह्याद्रीचा कडा अगदी पाठीशी, त्यामुळे ऊन उशिरा यायचं. नाझियाने पहिल्या मॅचमध्ये चिपळूणच्या एका डॉक्टरांना हरवलं, दुसऱ्या मॅचमध्ये वीजघरातल्या एका ऑपरेटरला. दोघेही हरून खूश होते. करीम कोर्टाच्या कडेला खुर्चीत ताठ बसून बघत होते. नाझियाचं मात्र निम्मं लक्ष फोनवर. पंचांच्या खुर्चीखाली तो उपडा ठेवलेला असायचा, आणि बाजू बदलताना ती पाणी पिण्याआधी त्याला हात लावायची.

शुक्रवारी दुपारी सेमीफायनल जिंकून ती बाकावर बसली आणि निरोप आला. तिघींनी माघार घेतली होती. नाझिया आत होती.

पाठोपाठ दीपालीचा फोन. दीपाली पुण्याची, दुहेरीतली तिची जोडीदार; दोन वर्षं दोघी एकत्र खेळत होत्या. दीपालीला आधीच जागा मिळाल्यामुळे ती अंताल्याला पोचलीही होती.

"आलीस ना आत? आता वेळ काढू नकोस. रविवारी संध्याकाळच्या आत इथे येऊन समोर सही करायची आहे, माहितीये ना? खोली मी आपल्या दोघींची म्हणूनच घेतलीये. दुहेरीतही आपलीच नावं देते."

"दे. उद्या संध्याकाळच्या विमानाने निघते."

तिकीट मिळालं. मामूने गाडीची सोय केली. संदेश नावाचा कॉलनीतलाच एक ड्रायव्हर होता, तो मुंबईपर्यंत सोडणार होता. राहिला प्रश्न फायनलचा. ती रविवारी होती, मंडप घालून, पाहुणे बोलावून. कमिटीचे लोक मामूच्या घरी जमले. नाझियाने नाव मागे घ्यावं, असं कुणी म्हणेना, पण दुसरं काय करायचं तेही कुणाला सुचेना.

तिच्याविरुद्ध खेळणार होता स्वरूप, वीजघरातला तरुण इंजिनियर, राजापूरकडचा. कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खेळलेला. तो इतका वेळ दाराशी उभा होता. म्हणाला, "मला असं न खेळता जिंकायचं नाही. उद्या उजाडताच खेळू या. एक सेट खेळलो तरी चालेल."

"एक कशाला," नाझिया म्हणाली. "पुरी मॅच खेळू. मला वेळ नाही लागणार."

स्वरूप हसला. त्याला राग आला असता तरी चाललं असतं, असं तिला नंतर वाटलं.

सकाळी कोर्टावर धुकं होतं. रात्रभर दव पडून माती काळपट लाल झाली होती, आणि ती जरा सुकेपर्यंत खेळता येणार नव्हतं. नाझिया येरझाऱ्या घालत होती. संदेशने बॅग गाडीत टाकून गाडीचं तोंड फाटकाकडे करून ठेवलं होतं. वाटलं होतं, इतक्या सकाळी कोण येणार. पण कॉलनी लोटली. शाली गुंडाळून बायका आल्या, मफलर बांधून रात्रपाळी संपलेले लोक आले, कुणी स्टीलच्या किटलीतून चहा आणला.

खेळ सुरू झाला आणि नाझियाचं काही जमेना. ओल्या मातीवर चेंडू उसळत नव्हता. सिमेंटच्या कोर्टावर जो फटका कमरेपर्यंत यायचा तो इथे घोट्याशी मरायचा. त्यात तिला घाई. स्वरूप तयार व्हायच्या आत ती सर्व्हिस करायची, तो हात वर करून थांबवायचा, मग तिची लय जायची. एक पॉइंट खेळताना तिच्या डोक्यात मुंबईच्या वाटेवरचा परशुराम घाट असायचा, दुसरा खेळताना महाडचा पूल. स्वरूपची सर्व्हिस जड होती आणि त्याला कुठे जायचं नव्हतं. पहिला सेट त्याने बघता बघता घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा बेतानेच. आपली पोरगी हरताना बघायला ते आले नव्हते.

दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला स्वरूपची सर्व्हिस लागोपाठ दोनदा जाळीत गेली. सगळे गप्प असताना करीमनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईंनी त्यांना हळूच सांगितलं की समोरच्याच्या चुकीला टाळी वाजवायची नसते. करीम ओशाळले. त्याची भरपाई म्हणून पुढे स्वरूपने मारलेल्या प्रत्येक फटक्याला ते टाळ्या वाजवू लागले, चांगल्याही आणि साध्याही. एकदा तर नाझियाच्या हातून गेलेल्या चेंडूला त्यांनी "वा" म्हटलं.

नाझियाने वळून बघितलं. तिचा बाप, दर्यावर उभ्या आयुष्यात कुणाला न भ्यालेला, एका परक्या पोराला खूश करायच्या खटपटीत घामाघूम झाला होता. तिला हसू आवरेना. रॅकेटला टेकून ती क्षणभर तशीच उभी राहिली.

त्यानंतर काय झालं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. खांदे सैल पडले. चेंडू खाली राहतोय तर आपणही खाली वाकावं, ही साधी गोष्ट तिने केली. ऊन कड्यावरून खाली आलं, माती सुकली, चेंडू थोडा उसळायला लागला. ती लांब लांब रॅली खेळू लागली, स्वरूपला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचं आणि तो मागे गेला की हलकेच जाळीजवळ चेंडू टाकायचा. दुसरा सेट तिने घेतला.

संदेश कोर्टाच्या कडेला आला. "ताई, आता निघायला हवं. शनिवार आहे, माणगावात गाड्या तुंबतात."

स्वरूपने ते ऐकलं. तो जाळीकडे चालत आला आणि म्हणाला, "तुम्ही निघा. एक सेट तुमचा, एक माझा. बरोबरी झाली असं जाहीर करू. कुणालाही वाईट वाटणार नाही."

खरंच कुणाला वाईट वाटलं नसतं. हाशिम मामूने मान डोलावली, कमिटीने डोलावली. बायकांनी शाली सावरल्या. नाझियाने करीमकडे पाहिलं. कुणाला कधी थांबवायचं आणि कुणाला कधी ढकलायचं हे आयुष्यभर केलेला माणूस खुर्चीत हात बांधून बसला होता.

नाझिया गाडीकडे दोन पावलं गेलीसुद्धा. पण ट्युनिशियात चार आठवडे, त्याआधी आणखी कितीतरी आठवडे तिचा हात तिचं ऐकत नव्हता, आणि आता ऐकत होता. तो पुन्हा कधी ऐकेल याचा भरवसा नव्हता. अंताल्यात ऐकेल असं तर अजिबात नव्हतं.

"खेळू," ती म्हणाली.

तिसरा सेट लांबला. स्वरूपही आता पेटला होता. कधी तो पुढे, कधी ती. एकेका गेममध्ये ड्यूसवर ड्यूस होत होते, बरोबरी सुटता सुटेना. संदेश दोनदा कडेला येऊन गेला, तिसऱ्यांदा आला तेव्हा काही न बोलता तिथेच थांबला आणि बघत राहिला. नाझियाला ना घाट आठवला ना पूल. शेवटी सहा-सहावर आलेल्या टायब्रेकमध्ये स्वरूपचा चेंडू रेषेच्या पलीकडे मातीत पडला, आणि त्यानेच बोटाने खूण दाखवली की बाहेर.

लोक कोर्टात आले. कुणी तिच्या हातात पोह्यांची बशी दिली, कुणी पाठीवर थाप मारली. घामाने भिजलेल्या अंगानेच ती गाडीत बसली. करीम मागे बसले. ते मुंबईपर्यंत येणार होते.

परशुराम घाट सरळ पार पडला, महाडही. माणगावच्या अलीकडे गाड्या थांबल्या त्या थांबल्या. पुढे एक ट्रक आडवा झाल्याचं कळलं. शनिवारचे पर्यटक, एसट्या, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांचा टेम्पो, सगळं एकाला एक लागून. संदेशने इंजिन बंद केलं. नाझिया खाली उतरून गाडीच्या बाजूने चालू लागली, पुढे जाऊन परत, पुन्हा पुढे. थोड्या वेळाने करीमही उतरले आणि तिच्याबरोबर चालू लागले.

"अंताल्याच्या पलीकडे मर्सिन आहे," ते म्हणाले. "तिथे आमचं जहाज लागायचं. मोठं बंदर."

"गाव कसं आहे?"

"गाव कुठे बघितलं? माल उतरवला की निघायचं. बंदर बघितलंय."

"मीपण अंताल्याला गेलीये. कोर्ट बघितलंय. समुद्र अगदी जवळ आहे म्हणतात."

दोघं हसले आणि पुन्हा गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागले.

विमानतळावर पोचली तेव्हा तिचा काउंटर बंद झाला होता. काउंटरवरच्या मुलीने दोनदा तेच सांगितलं, आवाज न चढवता. पुढच्या विमानाने गेली असती तरी क्वालिफाइंगची सही हुकणार होती, आणि वाटेत विमान बदलून पोचेपर्यंत दुहेरीचीही. नाझियाने एका खांबाशी उभं राहून दीपालीला फोन लावला.

"चुकलं विमान," ती म्हणाली.

दीपालीने विचारलं, "ट्रॅफिक?"

ट्रॅफिक म्हणून सांगता आलं असतं. ते खोटंही झालं नसतं.

"ट्रॅफिक होतं. पण त्याआधी मी उशिरा निघाले. मॅच होती."

"कुठली मॅच?"

"पोफळीची. कॉलनीची फायनल."

"तिथे रँकिंगचे पॉइंट असतात?"

"नाही."

"मग?"

नाझियाने बॅग खाली ठेवली. दीपाली म्हणाली, "मी दोन दिवस खोलीत तुझा पलंग अडवून ठेवलाय. एका मुलीने जोडीसाठी विचारलं, तिला नाही म्हटलं." आणि फोन ठेवला. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती रडवेली झाली होती.

रात्र त्यांनी मुंब्र्याला करीमच्या भावाकडे काढली. सकाळी नाझिया उठून बसली तेव्हा करीम आधीच उठून खिडकीशी उभे होते. सोलापूरला त्याच आठवड्यात स्पर्धा होती. क्वालिफाइंगमध्ये जागा उरली तर तिथल्या तिथे सही करून खेळता येतं. तिने ते सांगितलं.

"मी येऊ?" करीमनी विचारलं.

आजवर ती कुणाला बरोबर घेऊन गेली नव्हती. त्या खोल्या, ती रिकामी बाकं, हरल्यावरचं ते एकटीने जेवणं, कुणी बघू नये असंच तिला वाटायचं.

"दरवेळी पोफळीसारखं नसतं, अब्बा. बहुतेक वेळा मी हरते."

"मग? जहाजावर काय रोज बंदर लागतं?"

सोलापूरला तिला जागा मिळाली. करीम दोन दिवसांत तिथल्या सगळ्यांच्या ओळखीचे झाले. एका रशियन मुलीशी ते जहाजावर शिकलेल्या मोडक्या रशियनमध्ये बोलले, आणि ती मुलगी पोट धरून हसली, कारण त्यातले अर्धे शब्द शिव्या होत्या. नाझियाचे कपडे ते स्वतः धुवायचे आणि दोरी अशी बांधायचे की वाऱ्याने हलायचीही नाही. नाझिया क्वालिफाइंगच्या मॅचेस जिंकली. मुख्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत तिची गाठ एका सतरा वर्षांच्या मुलीशी पडली आणि ती सरळ दोन सेटमध्ये हरली. हात पुन्हा ऐकेनासा झाला होता.

अंताल्याची बातमी तिला त्याच दिवशी कळली. दीपाली एका सर्बियन मुलीबरोबर दुहेरीच्या सेमीफायनलला गेली होती. संध्याकाळी तिचा निरोप आला. पुढचे आठवडेही ती त्या मुलीबरोबरच खेळणार होती. "राग नाहीये गं," तिने लिहिलं होतं, "पण यापुढे तुझ्या भरवशावर राहता येणार नाही मला." नाझियाने बरीच वाक्यं लिहिली आणि पुसली. शेवटी एवढंच पाठवलं, "बरोबर आहे तुझं. फायनलही जिंक."

करीम बाजूला बसून शेंगदाणे सोलत होते. निरोप त्यांनी तिच्या खांद्यावरून वाचला होता.

"अब्बा, आज बघितलंत ना? कसं वाटलं?"

"दमलीस तू," ते म्हणाले.

तिला वाटलं होतं ते काहीतरी धीर देणारं बोलतील, अल्लाचं नाव घेऊन, किंवा पोफळीची आठवण काढून. त्याऐवजी सोललेले दाणे त्यांनी तिच्या हातावर ठेवले. तिने ते खाल्ले, आणि किती दिवसांनी कोण जाणे, फोन खिशातच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या स्टँडवर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तिला बंगळुरूला जायचं होतं, तिथे आणखी एक स्पर्धा होती. करीमना घर गाठायचं होतं, आसियाचा फोन येऊन गेला होता, "मुलगी तरी पाठवा नाहीतर तुम्ही तरी या, घर फार शांत झालंय."

एसटीच्या पायरीवर चढून ते खाली उतरले, पुन्हा चढले. कंडक्टरने विचारलं, "काका, नक्की काय ठरलंय?"

"चढतोय," करीम म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन बसले. गाडी सुटताना त्यांनी बाहेर डोकं काढून विचारलं, "बाय, जोडीला कोण मग आता?"

"शोधते," नाझिया म्हणाली. "तिथे गेल्यावर विचारते कुणाला तरी."

गाडी वळणाआड गेली. तिने रॅकेटची बॅग खांद्यावर चढवली आणि आपला प्लॅटफॉर्म कुठला ते विचारायला चौकशीच्या खिडकीकडे निघाली.